एजंटची दिलगिरी

सुनावणीच्या सकाळी एक लेथ-कामगार इस्त्रीचा शर्ट घालून न्यायालयात आला. फलकावर त्याचं अपीलच नव्हतं. ते सोमवारी मागे घेतलं होतं, त्याच्याच वकिलाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटने.

यंत्रात तीन बोटं गेली तेव्हा कारखान्याने त्याला काढून टाकलं होतं. नोकरी परत मिळण्याची वाट एवढीच. चूक एजंटची ठरली तर अपील कायमचं गेलं. माणसाची लबाडी ठरली तरच ते पुन्हा उभं राहणार होतं.

दुपारी त्याच्या घरी वकिलाचं दिलगिरीचं पत्र आलं. पाकीट बाजूने फाडून त्याने न्यायालयाच्या तपासनीस बाईंना दिलं. त्या वकिलाकडे गेल्या. भिंतीवरच्या फोटोंत वकीलसाहेब निरनिराळ्या मान्यवरांना एकाच तऱ्हेने खेटून उभे होते.

"सत्काराचा हार घातलेले हे कोण?" बाईंनी विचारलं.

"कारखान्याचे मालक. आमचे व्याही. पण मॅडम, नातं घरी, काम इथे." साहेबांनी छातीवर हात ठेवायला घेतला; तो पोटावरच विसावला.

"अपील मागे घ्यायला एजंटला कोणी सांगितलं?"

"कुणी नाही! स्वतंत्र बुद्धी आहे त्याला. सोमवारी सकाळी अकरा दहाला त्याने परस्पर अर्ज धाडला. मी दिवसभर कोर्टात. संध्याकाळी कळलं आणि कोसळलोच. तशातही पत्र लिहिलं."

"मग दोषी कोण?"

"कायदा याबाबतीत अजून रांगतोय हो," साहेब हळहळले. रांगणाऱ्याला उचलून घेण्याची त्यांना मुळीच घाई नव्हती.

एजंट सांभाळायला साहेबांनी मेहुणा ठेवला होता. पात्रता: बायकोचा भाऊ.

"एजंटला दिलेल्या सूचनांची नोंद दाखवा," बाई मेहुण्याला म्हणाल्या.

"पुसली गेली."

"कोणी पुसली?"

"एजंटनेच. दाजींना विचारा."

उरली टंकलेखिका. तिच्या टेबलाला कुलूप होतं.

"तिकिटं माझ्या ताब्यात. ज्याला टपाल पाठवायचंय त्याने पाकीट इथे आणायचं. मी जावक क्रमांक घालते, चिकटवलेल्या जोडावर शिक्का मारते, मगच तिकीट. साहेब असले तरी."

"सोमवारी?"

"बेचाळीस ते पन्नास मी दहाला टपालात टाकली. तिथून डोळे तपासायला गेले, ती मंगळवारीच आले."

"एक्केचाळीस?"

"ते साहेबांनी चिकटवूनच आणलं होतं. म्हणाले, मी स्वतः टाकतो. मला वाटलं, सुधारले."

बाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि कामगाराचं पाकीट टेबलावर ठेवलं. त्यावर लाल शाईत एक्केचाळीस. जोडावरचा शिक्का अखंड.

"हे पाकीट सोमवारी दहाच्या आत बंद झालं. त्यानंतर कामगाराने बाजूने फाडेपर्यंत कुणी उघडलेलं नाही. आत तुमच्या सहीचं पत्र आहे, अकरा दहाला झालेल्या चुकीबद्दल. साहेब, चूक व्हायच्या तासभर आधी तुम्ही कोसळलात. अर्जाची वेळ तुम्हीच एजंटला लावून दिली होती. व्याह्यांचा कारखाना वाचवायचा आणि नाव यंत्राचं घ्यायचं. एवढंही नीट जमलं नाही, कारण मंगळवारीही ऑफिसातून फुकट मिळालं असतं त्या तिकिटासाठी तुम्हाला सोमवारी धीर धरवला नाही."

साहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं.

"दाजी, मी त्या दिवशी रजेवर होतो," मेहुणा म्हणाला. अजून कुणी त्याला काही विचारलंही नव्हतं.

बाईंनी कामगाराला फोन लावला. "अपील पुन्हा दाखल होतंय. गुरुवारी अकराला या."

"साहेब येणार का?"

"येतील," बाई म्हणाल्या, "पण तुमच्या बाजूने नाही. ते आपली स्वतःची बाजू मांडतील. तुम्हाला बरा माणूस देऊ."