एका खणात चार शालन

तीनशे बारा चुडे निघाले आणि दोनशे एकाहत्तरच पोचले. वाटेत चोर भेटला नाही, गाडी उलटली नाही, एका बांगडीला तडा गेला नाही. मग एक्केचाळीस चुडे गेले कुठं?

पोरांनो, घाई करू नका. मलाही लगेच उमगलं नव्हतं. आणि आधीच कबूल करतो, घोळ माझाच होता.

मी फलटणचा कासार. शाळा चौथीपर्यंत, पुढं सगळं शिक्षण शेगडीपुढं. माझी बायको यमुना लाखेचे चुडे करते. लाख तापवायची, दांड्यावर गोल फिरवायची, गरम आहे तोवर आरसे आणि खडे बसवायचे. कागदावर तिनं कधी एक रेघ मारली नाही. नक्षी बोटातून निघायची आणि चुड्यावर बसायची.

आमच्या घरात चुड्याला नाव पडायची एक रीत आहे. नवी नक्षी पहिल्यांदा जिच्या हातात भरली, तिचंच नाव त्या नक्षीला. पहिली नक्षी यमुनेच्या थोरल्या बहिणीच्या हातात भरली. ती शालन. म्हणून नक्षीचं नाव ‘शालन’.

हे सगळे चुडे आम्ही ‘सर्वहाट’ नावाच्या ऑनलाइन बाजारात विकायचो. तिथं प्रत्येक नक्षीची एक लिस्टिंग होती (लिस्टिंग म्हणजे एका वस्तूची सगळी माहिती एका जागी: नाव, फोटो, माप, किंमत). चुडे विकले गेले, देशोदेशी गेले. घरात उरलं काय? काही नाही. फोटो काढला तो फोनसुद्धा आठ वर्षांमागं नीरेच्या कालव्यात पडला. म्हणजे यमुनेच्या साऱ्या जन्माची नक्षी उरली होती ती फक्त त्या बाजारातल्या फोटोंत.

आता तिची नजर अधू झालीय. बारीक खडा दिसत नाही. पण माझी नात चारू, वय वर्षं अकरा, ती पडद्यावर फोटो मोठा करून सांगते, “आजी, इथं तीन आरसे, मग एक हिरवा खडा, मग तिरकी रेघ.” आजी बोटांनी चाचपून दाखवते आणि पोरगी शिकते. असं चाललं होतं झकास.

आणि एक दिवस सर्वहाटचा निरोप आला. शनिवारी दुपारी बारा वाजता हातकामाचा विभाग बंद. सगळ्या लिस्टिंग पुसल्या जाणार.

यमुना म्हणाली, “म्हणजे माझे हात दुसऱ्यांदा जाणार.” एवढंच. परत दिवसभर बोलली नाही.

चारू म्हणाली, “अप्पा, रडताय काय? आपलं स्वतःचं दुकान काढू. तिकडचं सगळं इकडं आणू.”

“मी कुठं रडतोय? लाखेचा धूर आहे.”

“शेगडी बंद आहे, अप्पा.”

तर असं ते आमचं दुकान ठरलं. मदतीला आला ठोकळ्या. आमच्या गावच्या वाचनालयात आता पुस्तकांसारखे यंत्रमानवही आठवडाभर घरी न्यायला मिळतात. शनिवारी पाचच्या आत परत करायचे, नाहीतर दंड. ठोकळ्या म्हणजे धान्याच्या डब्याएवढा, खाली चार चाकं आणि अंगाला एकच लांब हात. चारूनं त्याला ठोकळ्या म्हटलं आणि त्यानं लगेच मान्य केलं. मला हे आवडलं. नावावरून भांडणारा माणूस फार वेळ खातो.

शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू केलं. मी विचारलं, “माल कसा आणणार? ट्रकनं?”

ठोकळ्या म्हणाला, “अप्पा, माल नाही, माहिती आणायची आहे. सर्वहाट मला एक फाईल देईल. फाईल म्हणजे मोठा तक्ता समजा. एका चुड्याची एक ओळ. ओळीत रकाने (माहितीचे उभे कप्पे). एका रकान्यात नाव, दुसऱ्यात माप, तिसऱ्यात किंमत.”

“आणि फोटो?”

“फाईलमध्ये फोटो नसतो. फोटोचा पत्ता असतो. फोटो राहतो सर्वहाटच्या सर्व्हरवर (सर्व्हर म्हणजे लांब कुठंतरी ठेवलेला मोठा संगणक, तो मागेल त्याला माहिती काढून देतो). मी पत्त्यावर जाऊन एकेक फोटो उचलून आणतो. फक्त पत्ता आणला आणि बारा वाजले, तर पत्ता आपल्याकडं राहील आणि घर पडलेलं असेल.”

हे मला लख्ख कळलं. पाहुण्याचा पत्ता खिशात असला म्हणून पाहुणा घरात आला असं होत नाही.

“पुढं?” म्हटलं.

“पुढं रकाने जुळवायचे. तिकडं लिहिलंय ‘वस्तूचे नाव’, आपल्या दुकानात लिहिलंय ‘चुडा’. दोन्ही एकच, हे मला तुम्ही सांगायचं. मी आपल्या मनानं ठरवत नाही. आणि हा बघा एक रकाना, ओळखक्रमांक (एका वस्तूला दिलेला आणि दुसऱ्या कुठल्याच वस्तूला न दिलेला नंबर). हा कुठं घेऊ?”

मी बघितलं. सात शून्यं, मग एकचा आकडा. माझं डोकं फिरलं. “हे काय तुरुंगातल्या कैद्यासारखं? माझ्या बायकोच्या चुड्यांना नंबर? फेकून दे. आम्ही नावानं ओळखतो, तूही नावानं ओळख.”

“नावानं ओळखू? नक्की?”

“चाळीस वर्षं ओळखतोय, बाबा.”

“बरं,” म्हणाला ठोकळ्या. त्याचं हेच. सांगेल तेवढं करतो, तोंड वाकडं करत नाही.

त्यानं रात्रभर काम केलं, आम्ही झोपलो. सकाळी उठून बघतो तर दुकान भरलेलं! पडद्यावर आपलं नाव, खाली चुडेच चुडे. मी कंदी पेढे आणले. शेजारच्यांना दिले. दोन स्वतः खाल्ले, यमुनेला एकच सांगितला.

अकरा वाजता चारू पडद्यासमोर बसून बोटांवर मोजत होती. कासाराच्या घरातली पोर, माल आला की मोजायचा हे रक्तातच आहे.

“अप्पा, दोनशे एकाहत्तर आहेत.”

“नीट मोज.”

“तीनदा मोजलं. तीनशे बारा पाहिजेत.”

हातातला पेढा मी परत पुड्यात ठेवला. म्हटलं, “ठोकळ्या, सांडले कुठं?”

“काही सांडलं नाही, अप्पा. फाईलमधल्या तीनशे बाराही ओळी मी वाचल्या आणि आत ठेवल्या.”

“मग एक्केचाळीस कुठं गेले?”

“आतच ठेवले.”

हे म्हणजे भिंतीशी बोलणं! मी हात उगारला, पण डब्यावर मारून माझाच हात दुखला असता.

यमुना ओसरीवरून म्हणाली, “चारू, माझ्या शालनचा फोटो दाखव गं. अक्काचा.”

चारूनं ‘शालन’ लिहिलं. फोटो आला. आजीनं तोंड पडद्याला अगदी टेकवलं आणि म्हणाली, “ही अक्काची नव्हे. ही एस.टी.तल्या कंडक्टर शालनची. हिला कडेनं पिवळी रेघ आहे. अक्काची कुठंय?”

आणि तेव्हा चारूला काहीतरी सुचलं. मग उठली, आतून बांगड्यांची खणांची पेटी आणली, रिकामी करून ठोकळ्यापुढं ठेवली. एका खणावर खडूनं लिहिलं ‘शालन’.

“आजी, आपल्याकडं शालन किती?”

“अक्का एक. दूधवाली शालन दुसरी. शाळेतल्या बाई तिसऱ्या. कंडक्टर चौथी.”

चारूनं चार वेगवेगळ्या बांगड्या घेतल्या, लाल, हिरवी, निळी, पिवळी. “ठोकळ्या, ही लाल शालन. ठेव.”

त्यानं लांब हातानं ती ‘शालन’च्या खणात ठेवली.

“ही हिरवी शालन. ठेव.”

आता बघा हं. ठोकळ्यानं खणातली लाल उचलली, बाजूला काढली आणि तिथं हिरवी ठेवली. मग निळी आली, हिरवी बाहेर. पिवळी आली, निळी बाहेर. चार शालन आत गेल्या आणि खणात उरली एक. पिवळी. कंडक्टर.

“असं का केलंस?” मी ओरडलो.

“तुम्ही म्हणालात नावानं ओळख. शालन आली. माझ्याकडं शालन आधीच होती. मला वाटलं, तीच शालन नवी माहिती घेऊन आली. म्हणून जुनी काढून नवी ठेवली.”

यमुना म्हणाली, “अहो, माझ्या चार शालनांची एक केलीत तुम्ही! आणि सुमन पाच होत्या!”

मी खणातली पिवळी बांगडी उचलली. चाळीस वर्षं मी नावानं ओळखत होतो हे खरं, पण नुसत्या नावानं नाही. शालन म्हटलं की मला तिचा हात आठवायचा. हाताचं माप, मनगटावरचा तीळ, भरताना कोण ओरडायची, कोण हसायची. ती सगळी ओळख माझ्या डोक्यात. ठोकळ्याला मी दिलं काय? तीन अक्षरं. त्यात त्यानं चौघींना कसं वेगळं करावं?

चारू म्हणाली, “आता कळलं, नंबर कशाला असतो. नाव सारखं असलं तरी चालतं, नंबर सारखा असून चालत नाही. आमच्या वर्गात दोन वेदिका आहेत. हजेरीला नंबरच घेतात.”

“हे काल बोलली असतीस तर!”

“काल तुम्ही कैदी-कैदी करत होतात.”

घड्याळात अकरा वाजून आठ मिनिटं. चुड्यांची नावं आणि मापं फाईलमध्ये होती, ती कुठं जात नव्हती. पण हरवलेल्या एक्केचाळीस नक्ष्यांचे फोटो सर्वहाटवरच होते आणि ते घर बाराला पडणार होतं.

ठोकळ्या म्हणाला, “दुकान रिकामं करून सगळं पुन्हा आणतो, आता नंबरानं. पण सगळ्या देशातले कारागीर आज तिथून सामान हलवतायत. दारात गर्दी आहे. एका फोटोला एक मिनिट लागेल.”

“तीनशे बारा मिनिटं? पाच तास झाले की!” मी मटकन बसलो.

चारू बसली नाही. “ठोकळ्या, रात्री कुठली ओळ उचललीस ते तुझ्या टिपणात आहे ना?”

“आहे.”

“मग रिकामं करायचं नाही. जे आत आहेत त्यांना आधी त्यांचा-त्यांचा नंबर चिकटव. मग फाईलमधले नंबर आणि दुकानातले नंबर शेजारी धर. जो नंबर तिकडं आहे आणि इकडं नाही, तेवढाच आण.”

“एक्केचाळीस नंबर,” ठोकळ्या म्हणाला. “एक्केचाळीस मिनिटं. आता अकरा दहा.”

“मग बोलतोस काय? पळ!” मी म्हटलं. तो जागचा हलला नाही, कारण त्याचं पळणं तारेतून असतं. पण माझ्या जिवाला ते बरं वाटलं.

पहिला आला नंबर एक. पडद्यावर वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी लाल लाख, मग आरसे, मग पाण्याच्या थेंबासारखे ओळीत बसवलेले पांढरे खडे. चारू मोजून सांगत होती, “पाच आरसे, आजी. मग दोन खडे जवळजवळ.”

“मधे एक खडा वाकडा आहे बघ,” यमुना म्हणाली.

“आहे!”

“तीच. अक्का हसली होती म्हणून माझा हात हलला होता.” आणि यमुनेनं पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, “लाखेचा धूर.” ती म्हणाली, “गप बसा.” पोरांनो, दोन दिवसांनी तिनं मला गप बसा म्हटलं. केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू!

मग एकेक येत गेल्या. दूधवाली शालन, शाळेतल्या बाई, उरलेल्या चार सुमन, दुसरी इंदू. मी चहा केला, तिघांना पुरेल एवढा. ठोकळ्याला विचारलं, तो नको म्हणाला. अकरा त्रेपन्नला शेवटचा फोटो आला. चारूनं पुन्हा मोजलं. तीनशे बारा.

बारा वाजले. सर्वहाटचं पान उघडून बघितलं. कोरं, पांढरं. मग आमचं दुकान उघडलं. सगळ्या बाया आपापल्या खणात हजर. आता प्रत्येकीच्या नावाखाली बारीक अक्षरात नंबर आहे. मला तो कैद्यासारखा वाटत नाही. मनगटावरच्या तिळासारखा वाटतो. हा बाजार गेला, उद्या आणखी कुठं दुकान हलवायचं झालं, तरी तो तीळ बघून प्रत्येक शालन ओळखू येईल. मी नसलो तरी.

पाचला ठोकळ्याला परत द्यायचं होतं. तीन वाजता चारूनं शेगडी पेटवली. आजीनं नुसतं शेजारी बसून ऐकलं, हात लावला नाही. पोरीनं स्वतःच्या मनानं एक चुडा केला. जाड, जरा वेडावाकडा, मधे एकच मोठा निळा खडा. मापाला इतका मोठा झाला की गावातल्या कुठल्याच बाईच्या हातात तो राहिला नसता.

“फुकट गेला,” ती हिरमुसून म्हणाली.

मी चुडा गार होऊ दिला. कासाराची बैठक मारून ठोकळ्यापुढं बसलो, त्याचा लांब हात मांडीवर घेतला, दाबून माप बघितलं आणि चाळीस वर्षं हजारो बायांना सांगितलं तेच त्याला सांगितलं, “हात सैल सोड.”

त्यानं सोडला. चुडा सर्रकन चढला आणि बरोब्बर बसला.

चारूनं दुकान उघडलं, नवी ओळ घेतली. आधी नंबर लिहिला, तीनशे तेरा. मग नाव लिहिलं, ‘ठोकळ्या’.