काचेमागची राणी

मी डबा द्यायला गेले होते, एवढंच. लेक सकाळी उपाशीच विद्यापीठात पळाली होती, आणि उपाशी पोटी माणसाची अक्कल चालत नाही असं माझं मत आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मतं मात्र भरपूर.

तिची प्रयोगाची खोली तळघरात. बाहेर टळटळीत दुपार, आत एकच लाल दिवा. मधमाश्यांना लाल उजेड दिसत नाही, त्यांना वाटतं आपण अंधारातच आहोत. दोन काचांच्या मध्ये उभं पोळं, मेणाचा आणि मधाचा जड वास. गुणगुण इतकी खोल की दातांत जाणवायची. पोळ्यावरून काडीएवढे यंत्राचे हात फिरायचे. राणीमाशी जाईल तिथे जायचं, तिला भरवायचं, पुसायचं. रोबोट म्हणे. माझ्या पोरीने त्या काड्यांपायी रक्ताचं पाणी केलं होतं.

"आधी जेव," मी म्हटलं.

ती हलली नाही. "आई... राणी मेली."

"मग?"

"पाहुणे येताहेत काम बघायला. आवडलं तर पुढे चालू, नाहीतर बंद. मी सरांना खरं काय ते सांगून टाकते."

"सांगून तर बघ, माझ्याशी गाठ आहे! पाहुण्यांना काय डोंबल कळतंय? तुझा तो यंत्राचा हात तिला फिरवेल ना?"

"फिरवेल... पण तिला हाताला बांधावं लागेल. नको ना, आई."

"सरक."

जन्मभर शिलाई केलीय मी. तिचे हात थरथरत होते, माझे नाही. काचेची झडप उघडून मी मेलेल्या राणीला त्या काडीला बांधलं, पिशवीतल्या निळ्या दोऱ्याने. बोटाला तिचं गार, मऊ पोट लागलं. जिवंत माश्या माझ्या हातावरून फिरत होत्या. एकीनेही डंख मारला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.

पाहुणे आले. राणी चालली. थोडं पुढे, थबकायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा पुढे. भोवती माश्यांचं रिंगण, सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. राणीपुढे त्या अशाच उभ्या राहतात. पाहुणे माना डोलवत होते.

सर म्हणाले, "मावशी, लेकीने नाव काढलं हो!"

"लेक कुणाची?" मी छाती काढून म्हटलं. ते वाक्य अजून जिभेवर कडू आहे. लेक फरशीकडे बघत होती.

सगळे गेल्यावर तिने यंत्र बंद केलं. हात थांबले. गुणगुणही थांबली... एकदम.

मग रिंगणातली एक माशी वळली. दुसरी वळली. राणीकडे पाठ करून सगळ्या काचेकडे वळल्या. मी बाजूला सरकले. रिंगणही सरकलं.

"आई... हात मागे घे."

माझा हात काचेवर होता. कधी ठेवला, ठाऊक नाही. पलीकडून त्या इवल्या जिभांनी माझ्या बोटासमोरची काच चाटत होत्या.

"राणीचा वास लागलाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "धुतलंस की जाईल."

धुतलं. साबणाने घासलं, रॉकेलने घासलं, कातडी सोलली.

पोरीचं काम चालू राहिलं. घरी येते, जेवते, ताट विसळते. भांडत नाही. भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला तिच्याकडे मान वर करून बघता आलं असतं. खोटं वागायला लावण्यासाठी मी तिला जन्म दिला होता का?

काल आम्ही समोरासमोर जेवायला बसलो. टेबलावर ठेवलेलं माझं बोट हललं. थोडं पुढे गेलं. थबकलं. डावीकडे वळलं. मी दुसऱ्या हाताने दाबून धरलं, तरी हाताखाली ते चालतच राहिलं.

लेकीच्या हातातला घास तसाच राहिला. ती चाल तिनेच यंत्राला शिकवलेली, ती ओळखणार नाही?

"आई..." ती बोटाकडे बघत म्हणाली. "यंत्र मी बंद करून आलेय."

बोट तिच्या ताटाशी जाऊन थांबलं.

तशी ती उठली. टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर आली, आणि हातातला घास माझ्या ओठांना लावला. तिला तो लावायचा नव्हता. तिचे डोळे भीतीने ताठ झाले होते, मान नको नको म्हणत होती. हात मात्र जराही थरथरत नव्हता.