मागून वाजणारी घंटी

तो वरचा दिवा मालवा; कोपऱ्यातला राहू द्या. तुमच्या सायकली तपासून झाल्या आहेत, ब्रेकच्या तारा मी नव्या घातल्या आहेत, आणि पहाटेपर्यंत आपल्यापैकी कोणालाच काही काम नाही. मघापासून तुम्ही त्या जुन्या घाटरस्त्याचे कौतुक करीत आहात. दिवसभरात एक वाहन आडवे येत नाही, खडीवर केवळ आपल्याच चाकांचा आवाज, वगैरे. खरे आहे. परंतु वाहन का येत नाही, हे तुमच्यापैकी एकानेही विचारले नाही. बोगदा झाला म्हणून, असे तुम्ही म्हणाल. बोगदा नंतर झाला. रस्ता त्याच्या आधीच ओस पडला होता. त्याचे कारण मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक असावे ते विषय बदलतात. मी सांगतो ती एका रात्रीची हकीकत. ज्याच्यावर ती ओढवली तो माझा मित्र होता, आणि तिचा शेवट मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

त्याला आम्ही मोजणीदार म्हणायचो. उभी हयात त्याने लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर, वाहने फिरकत नाहीत अशा खडीच्या वाटा हुडकून त्या सायकलवाल्यांना आखून देण्याचा नाद त्याला लागला. डोंगरात तुम्ही ज्या पिवळ्या बाणांच्या भरवशावर फिरता, ते बाण त्याच्या हातचे.

नोव्हेंबरमधला दुसरा शनिवार. रविवारी जुन्या घाटाची वाट सर्वांना खुली व्हायची होती आणि वरच्या अंगाचे बाण लावायचे राहिले होते. काम दोन-तीन तासांचे, म्हणून दुपारचे जेवण आटोपून तो निघाला. सोबतीला मेहुणा होता. हा बायकोचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला, आणि पुढच्या महिन्यात त्याचे लग्न ठरलेले. अंगाने धिप्पाड, जिभेने मोकाट. दाजींची थट्टा केल्यावाचून त्याला पाणी गोड लागत नसे.

निघताना बायको फाटकापर्यंत आली. नवऱ्याला ती एवढेच म्हणाली, "त्याला पुढे ठेवा, म्हणजे तुमच्या नजरेसमोर राहील." मोजणीदार हो म्हणाला.

चढताना मेहुणा पुढेच होता. बाण लावून झाले. मात्र माथ्यावर त्याच्या सायकलची साखळी तुटली, ती जोडण्यात उजेड संपला, आणि उतार लागण्यापूर्वीच त्याचा दिवा मिचमिचू लागला. दिवा नसलेल्या माणसाला उतारावर पुढे घालता येत नाही. मोजणीदाराने त्याला मागून, आपल्या उजेडाच्या मागावर यायला सांगितले. मेहुणा हसत म्हणाला, की ही गोष्ट ताईच्या कानावर घालावी लागेल. आधी घरी पोच, मग घाल, असे उत्तर त्याला मिळाले.

आता त्यांची एक पद्धत होती, ती नीट समजून घ्या. सैल खडीवर उतरताना मागे वळून पाहायचे नसते. मान वळली की हात वळतो आणि हात वळला की पुढचे चाक निसटते. म्हणून प्रत्येक वळणावर मागच्याने एकदा घंटी वाजवायची: मी आहे. पुढच्याने एकदा वाजवून तिला उत्तर द्यायचे. मागून दोनदा वाजली, तर थांबायचे. एकेक घंटी येत आहे तोवर पुढच्याने थांबायचे नाही आणि पाहायचेही नाही. घंटी म्हणजेच माणूस, असा त्यांचा हिशेब होता.

पहिली वळणे सुखरूप पार पडली. मेहुणा घंटी वाजवी आणि वर एखादा टोमणा फेकी. दाजी, यापेक्षा बैलगाडी बरी. दाजी, डोळा लागला की काय? मोजणीदार मनातल्या मनात हसत होता.

मग टोमणे थांबले. घंटी मात्र येत होती.

दमला असेल, असे त्याला वाटले. वळण आले. घंटी. याने उत्तर दिले. पुन्हा वळण, पुन्हा घंटी. वेळेवर, न चुकता, पहिल्यापेक्षा थोडी जवळून. घाटाचा निम्मा उतार संपत आला तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की आपला मेहुणा जन्मात कधी इतका शिस्तीने वागलेला नाही. एखादे वळण तो हमखास विसरायचा. एखाद्या वळणावर उगाच चारदा वाजवायचा.

त्याने हाक मारली. उत्तरादाखल घंटी वाजली. एकदाच.

त्याने कान दिला. आपल्या चाकांखाली खडी चुरचुरत होती. मागे...

मागे काहीच चुरचुरत नव्हते.

त्याने ब्रेक दाबले. पाय टेकला. मान वळवली. दिवा हातात घेऊन रस्त्यावर फिरवला. खडी, कठडा, काळोख. कोणी नव्हते. आणि त्याच क्षणी, हात लांब केला असता तर लागली असती इतक्या जवळ, घंटी वाजली.

खाली गावाचे दिवे दिसत होते. वर काहीच दिसत नव्हते. खाली माणसे होती, दोर होते, मदत होती. वर बायकोचा भाऊ होता. निदान असायला हवा होता. सायकल तिथेच टाकून तो वर धावत सुटला.

घंटीही वळली. आता ती खालून येऊ लागली. प्रत्येक वळणावर, त्याच्या पाठीशी. त्याने मागे पाहिले नाही. मग ती दोनदा वाजली.

थांब.

इतकी वर्षे पाळलेली खूण. पाय आपसूक अडखळले, असे त्याने मला सांगितले. पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा... तो थांबला नाही.

टोमणे जिथे थांबले होते, त्या वळणावर कठडा ढासळलेला होता. खडीत चाकाचा एक लांब ओरखडा. सायकल दरीत गेलेली. मोजणीदार पालथा पडला आणि त्याने दिवा कड्याखाली धरला. हातभर खाली एका मुळीला मेहुणा लोंबकळत होता. एका हाताने. पण चेहरा शांत. उजेड पडताच त्याने वर पाहिले.

"दाजी, तुम्ही वर आहात?"

"हो. हात दे."

"मग मी मघापासून कोणाच्या खांद्यांवर उभा आहे?"

...

मोजणीदाराने दिवा आणखी खाली नेला नाही. मी त्याला विचारले, का नाही नेलास? तो म्हणाला, माझे दोन्ही हात त्याच्या मनगटांना हवे होते. ते कारण मी मान्य केले.

त्याने ओढले. वजन एका माणसाचे नव्हते. खांदे निखळतील असे वाटले. मेहुण्याने डोळे मिटून घेतले. आणि एकाएकी सगळे हलके झाले. दोघेही खडीवर येऊन आदळले. त्यानंतर घाटात कसलाच आवाज झाला नाही. ते खाली उतरेपर्यंत नाही.

सकाळी मला बोलावणे आले. चार जण दोर घेऊन दरीत उतरले होते. त्यांनी सायकल वर आणली आणि सांगितले, की त्या मुळीखाली कडा भिंतीसारखा सरळ आहे. चिमणीला बसायलाही जागा नाही.

मेहुणा आतल्या खोलीत झोपला होता, पायाला पट्टी बांधलेली. मोजणीदार उंबऱ्याशी बसला होता. बायको त्याला एक शब्दही लावून बोलली नाही. भावाच्या पायांतून काढलेले मोजे तेवढे तिने माझ्यासमोर टेबलावर पसरले. पांढरे, घोट्यांच्या वर येणारे. त्यांवर करड्या दगडी धुळीत पंजे उमटले होते, घट्ट आवळलेले, प्रत्येक बोट वेगळे.

तिने हळूच विचारले, "खांद्यांवर उभा होता म्हणतो. मग पाय धरले कशाला?"

मी मोज्यांवर वाकलो. डाव्या मोज्यावर एक पंजा होता. उजव्यावर दोन. त्यांतल्या एकावर तिने आपला तळहात ठेवला, आणि तो पंजा तिच्या तळहाताखाली पुरता झाकला गेला, इतका तो लहान होता.