वैद्य कोण खेळतंय?

“ती तनया नाहीये, मॅडम! तिच्या नावानं दुसरंच कुणीतरी खेळतंय!”

कादंबरीनं टेबलावर हात आपटला आणि चौकीतला चहा सांडला. सांडू दे. ही मुलगी आणि तिच्यामागे गप्प उभा असलेला योगेश साळवे रविवारपासून या चौकीचे उंबरे झिजवत होते, आणि त्यांना रोज एकच उत्तर मिळत होतं. मुलगी सज्ञान आहे. घरचे म्हणतात, बंगळुरूला नोकरीला गेली. मेसेजला उत्तर देते, रोज संध्याकाळी ऑनलाइन गेम खेळते. मग हरवलंय कोण? निघा.

फौजदार द्वारका बोरकुटे त्याच दिवशी रजेवरून परतल्या होत्या. बाई मूळच्या चंद्रपूरच्या. इतकी वर्षं पुण्यात काढून त्यांना पुण्याचं सगळं आलं, पण राग गोड शब्दांत गुंडाळायला काही आलं नाही.

“बस,” त्या म्हणाल्या. “मला गेममधलं काही येत नाही असं धरून चाल, आणि पहिल्यापासून सांग.”

“शुक्रवारी तनया आणि योगेशचं रजिस्टर लग्न आहे. नोटीस लागली, ती कुणीतरी वाचली आणि ताम्हनकरांच्या घरी कळवलं. रविवारी तनया गायब. योगेशला मेसेज आला, ‘मला हे लग्न करायचं नाही, शोधू नकोस.’”

“भांडण झालं होतं?”

“नाही,” योगेश पहिल्यांदाच बोलला. “शनिवारी आम्ही मंडईत हार सांगून आलो. पिवळी शेवंती तिनंच निवडली.”

“बरं. आता तो गेम.”

“आमची चौघांची टोळी आहे,” कादंबरी म्हणाली. “त्यात ज्याचा त्याचा वर्ग ठरलेला असतो. मी ढाल, म्हणजे पुढे उभं राहून मार खायचा. तनयाचा भाऊ आमोद बाण, तो लांबून मारतो. योगेश चोर.”

“चोर!” कोपऱ्यातून हवालदार सुखदेव हसले. “घ्या! म्हणजे बोलायलाच नको.”

“काका, चोर म्हणजे सापळे उघडणारा!” कादंबरी त्यांच्यावर उसळली. “सगळ्यांच्या आधी अंधारात तो जातो, म्हणून मागचे जगतात. तुमच्यासारखं खुर्चीत बसून हसत नाही तो!”

सुखदेवांचं हसू जिरलं. द्वारकाबाईंना ते आवडलं असावं, कारण त्यांनी पोरीसाठी चहा सांगितला.

“आणि तनया वैद्य,” कादंबरी पुढे म्हणाली. “वैद्याकडे पाण्याचा कलश असतो. जो पडेल त्याच्या अगदी जवळ जायचं आणि ओंजळीत धार धरायची, की तो उठतो. तनया वेड्यासारखी धावते. वाटेतलं काही उचलत नाही. तिच्या झोळीत नुसता उकिरडा असतो, औषधं आम्हीच शोधून द्यायचो. आणि आता? वैद्य रमतगमत चालतो. रस्त्यातला पालान्‌पाला खुडतो. झोळी अशी लावलीय, लहान कुप्या पुढे, मोठ्या मागे. दिवेलागणीला मध्येच थांबतो आणि जागचा हलत नाही. माइक म्हणे बिघडलाय. आणि...”

ती योगेशकडे बघून थांबली.

“बोल ना,” योगेश म्हणाला. “मला पाणी देत नाही, मॅडम.”

कादंबरी प्रत्येक खेळ रेकॉर्ड करायची. तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर ढाल पडली, वैद्य आला, ओंजळीत धार धरली. बाण पडला, त्यालाही मिळालं. मग चोर पडला, अगदी वैद्याच्या पायाशी. वैद्य थांबला, दोन पावलं मागे सरकला आणि बाजूचा पाला खुडू लागला. चोर तिथंच मेला. दुसऱ्या संध्याकाळीही तसंच, तिसऱ्याही.

“भांडणच झालंय, मॅडम,” सुखदेव म्हणाले. “पोरगी रुसलीय.”

“रुसलेली पोरगी पाठ फिरवते, सुखदेव. ही मागे सरकतेय. नुसता चोर शेजारून गेला तरी सरकतेय. नीट बघा.”

द्वारकाबाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि तनयाच्या फोनचं लोकेशन काढायची परवानगी मागितली. आतून आवाज आला, “गुन्हाच नोंद नाही, तर लोकेशन कसलं काढता, बोरकुटे? चांगल्या घरातली माणसं आहेत ती!”

त्या बाहेर आल्या तेव्हा कानापर्यंत लाल झाल्या होत्या. “चांगल्या घरातली म्हणे,” त्या पुटपुटल्या आणि जीपची किल्ली उचलली.

ताम्हनकरांचं घर पेठेतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. दार सुहासिनीबाईंनी उघडलं. ठेंगण्याशा, नीटनेटक्या, केसांत मोगऱ्याचा गजरा.

“या. पोलिसांचे पाय लागायचे राहिले होते, तेही झालं,” त्या म्हणाल्या.

बैठकीत जेवणाचं टेबल, आणि टेबलाला लागूनच तनयाचा कॉम्प्युटर. त्याच्या खुर्चीवर एक गोधडी, चांगली चौघडी घातलेली. स्वयंपाकघरातली फळी इथूनच दिसत होती. डबे लहान ते मोठे, एका रांगेत, सगळ्यांची नावं पुढे. भिंतीवर घरच्यांचा फोटो. त्यात तनया भावापेक्षाही उंच दिसत होती. नवरा गोपाळकृष्ण झोपाळ्यावर बसलेले. दुखण्यातून उठले होते, पण दोन्ही हात सारखे थरथरत.

सुहासिनीबाईंनी तांब्याभांडं आणलं. द्वारकाबाईंना पाणी दिलं, सुखदेवांना दिलं, कादंबरीला “दमलीस गं” म्हणून दिलं. मग तांब्या आत गेला. दाराशी उभ्या असलेल्या योगेशनं आपल्या पाठपिशवीतली बाटली काढली.

“याला नाही दिलंत?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“राहू द्या, मॅडम,” योगेश म्हणाला. “इथं येताना मी बाटली घेऊनच येतो.”

द्वारकाबाईंनी आपलं अर्धं भांडं तसंच खाली ठेवलं. मग त्या प्रश्नांना लागल्या.

“तनया बंगळुरूला कुठल्या कंपनीत आहे?”

“हल्लीची मुलं आईबापांना पत्ते सांगून जातात का?” सुहासिनीबाई म्हणाल्या. “मजेत आहे. रोज तो खेळ खेळते, या कादंबरीलाच विचारा.”

“हा कॉम्प्युटर कोण वापरतं?”

“कुणीच नाही. ती गेली तसा बंदच आहे.”

“तुम्ही?”

“अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही! दोन वर्षं ती खेळायची आणि मी आपली शेजारी भाजी निवडत बसायची. एवढाच माझा संबंध.”

आमोद आतल्या खोलीतून आला. नोकरी हडपसरच्या आयटी पार्कात, पण आठवडाभर घरूनच काम. “बहिणीच्या नावानं तू खेळतोस?” द्वारकाबाईंनी सरळच विचारलं.

“मी? माझ्या बाणानंच माझे दोन्ही हात अडकलेले असतात. माझा माइक चालू असतो, कादंबरीला विचारा.”

“खरंय,” कादंबरी नाइलाजानं म्हणाली. “एकाच वेळी दोघांना खेळवणं जमत नाही.”

“त्यापेक्षा त्याला विचारा ना!” आमोदनं दाराकडे बोट केलं. “तनया शहाणी झाली म्हणून निघून गेली. हा खेळातही चोर आणि बाहेरही चोर!”

योगेशच्या हातातली बाटली चेपली गेली. द्वारकाबाई उठल्या. “येतो,” एवढंच म्हणून त्या खाली उतरल्या.

पण गेल्या नाहीत. जीप गल्लीच्या तोंडाशी लावली आणि संध्याकाळी मागच्या सीटवर योगेशशेजारी बसून कादंबरीनं लॅपटॉप उघडला. ठरल्या वेळी टोळी जमली. बाण आला. वैद्यही आला आणि लागला पाला खुडायला.

दिवे लागायच्या सुमाराला वैद्य थांबला. वर ताम्हनकरांच्या खिडकीत समई उजळली. थोड्या वेळानं वैद्य चालू लागला.

“सुखदेव,” द्वारकाबाई म्हणाल्या, “वर जा आणि बेल वाजवा. दार उघडलं की काहीही विचारा. विसरलेला रुमाल विचारा.”

वर बेल वाजली आणि इकडे वैद्य जागच्या जागी गोठला. त्याच्यावर भूत चालून आलं तरी ढिम्म. बाण मात्र वर्मी घाव घालत होता आणि माइकवर आमोद ओरडत होता, “वैद्य कुठंय? अरे, वैद्य!” सुखदेव रुमाल न मिळता खाली आले, आणि वैद्य हलला.

“अगं बाई,” कादंबरी हळूच म्हणाली. “काकू?”

या वेळी द्वारकाबाईंनी बेल वाजवलीच नाही. सुखदेवांच्या मागून दार नीट लागलं नव्हतं. त्या थेट आत गेल्या. सुहासिनीबाई गोधडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, डोळ्यांवर जवळचा चष्मा, शेजारी अर्धवट निवडलेल्या मेथीची परात. पडद्यावर वैद्य.

“बंद असतो ना हा?” द्वारकाबाई म्हणाल्या.

सुहासिनीबाई उठल्या नाहीत. “घरात घुसायला परवानगी लागते.”

“आणि मुलीला कोंडायला? ती नाही लागत?” द्वारकाबाईंचा आवाज चढला तसा आमोद बाहेर आला. “ऐका आता. तनया उंच. तिला खुर्चीवर गोधडी कशाला लागेल? ती लागते ठेंगण्या माणसाला, म्हणजे इथं रोज ठेंगणं कुणीतरी बसतंय. आमोद ताडमाड, शिवाय त्याचे हात बाणात. तुमच्या यजमानांचे हात थरथरतात, त्यांना बटणं दाबता येत नाहीत. उरलं कोण? जिला ओ की ठो कळत नाही ती. दोन वर्षं शेजारी बसून प्रत्येक खेळी बघितलीत तुम्ही. शिकलात, छान शिकलात. पण हात तुमचेच राहिले. फुकट पडलेला पाला टाकवत नाही, झोळी डब्यांच्या फळीसारखी लावता, दिवेलागणीला समईसाठी उठता आणि बेल वाजली की दाराशी जाता. तिच्या फोनवरून मेसेज जात राहिले आणि मुलगी खेळतेय असं दिसलं की तिची मैत्रीण गप्प बसेल, पोलीस गप्प बसतील, शुक्रवार निघून जाईल. बसलेही, आमचेच लोक बसले! आणि हा आमोद शेजारच्या खोलीतून आईलाच ‘वैद्य कुठंय’ म्हणून विचारतोय. लाज वाटत नाही रे तुला?”

आमोद जमिनीकडे बघू लागला. “आईनं सांगितलं म्हणून,” तो म्हणाला.

“हे सगळं आईच्या काळजीपोटी केलं असं म्हणाल कोर्टात,” द्वारकाबाई पुढे म्हणाल्या. “पण एका गोष्टीला उत्तर नाही. खेळात या पोराला पाणी का नाही दिलं? दिलं असतंत, तर मला कध्धी कळलं नसतं. चित्रातला कलश, चित्रातलं पाणी, चित्रातली ओंजळ! आणि तरीही तुमचा हात पुढे झाला नाही. तो जवळ आला की दोन पावलं मागे. सकाळी दाराशी जे केलंत, तेच तिथंही केलंत. जात बघून पाणी द्यायचं, बाई? आजच्या दिवसात? कुजलंय हो हे घर!”

योगेश दाराच्या चौकटीतच उभा होता.

“तनया कुठंय?”

सुहासिनीबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा बंद केला.

“बरं. एक संधी देते. याला भांडंभर पाणी द्या, आणि सांगा कुठंय ती.”

सुहासिनीबाईंनी तांब्याकडे बघितलं. मग योगेशकडे. मग परातीतली मेथीची एक काडी उचलून त्या तिची पानं खुडू लागल्या.

झोपाळा करकरला. गोपाळकृष्ण उठले. भिंतीला धरत तांब्यापाशी गेले आणि भांड्यात पाणी ओतू लागले. अर्धं फरशीवर सांडलं, त्यांच्या धोतरावर सांडलं. आमोद मदतीला पुढे झाला, तर त्याला त्यांनी कोपरानं ढकललं. दोन्ही हातांत भांडं धरून ते दाराशी पोचले तेव्हा तळाशी घोटभरच उरलं होतं.

“घे बाळ,” ते म्हणाले. “वारज्याला आहे ती. हिच्या बहिणीच्या बंगल्यात, वरच्या खोलीत. मी आधीच सांगायला हवं होतं. भ्यालो रे.”

योगेश तो घोट प्यायला आणि भांडं त्यानं त्यांच्या हातात परत दिलं.

वारज्याच्या त्या खोलीचं कुलूप सुखदेवांनी दगडानं तोडलं. किल्ली देते देते म्हणणाऱ्या मावशीचं ऐकायला ते थांबलेच नाहीत. सकाळी हसल्याचं त्यांना चांगलंच लागलं होतं. तनया बाहेर आली, केस विस्कटलेले, आवाज ओरडून ओरडून बसलेला. ती आधी योगेशला बिलगली, मग कादंबरीला. फाटकाशी येईपर्यंत तिला सगळं कळलं होतं.

“आई वैद्य खेळली?” तिला क्षणभर हसूच आलं. “आईला जमलं?”

“छान जमलं,” कादंबरी म्हणाली. “मला एकदाही मरू दिलं नाही.”

“आणि योगेशला?”

कादंबरी चपलेकडे बघत राहिली. योगेशनं जीपचं दार उघडलं आणि म्हणाला, “चल, उशीर होतोय.” तनयाचं हसू गेलं.

“मॅडम,” जीपमध्ये बसल्यावर ती म्हणाली, “तिनं मला कोंडलं, ते मी कधीतरी विसरले असते. आई आहे ती. शुक्रवारी कसंही करून तिला घेऊन या, असं मी तुम्हाला सांगणार होते.”

“आणि आता?”

“आता फक्त बाबांना आणा,” तनया म्हणाली, आणि योगेशच्या पिशवीतली बाटली काढून तिनं तोंडाला लावली.