पाळण्याचं गाऱ्हाणं

रत्नागिरीच्या सोनोग्राफी सेंटरात मनस्वी पाण्याची दुसरी बाटली संपवत होती, तेव्हा शेजारून आवाज आला, "तुम्हाला पाण्यानं भरतायत आणि आमच्या आईला सकाळपासून थेंब देत नाहीत. इथं कुणाला सुखानं बसू देत नाहीत वाटतं!"

तिला हसायचं नव्हतं. हसलं तर पंचाईत होती.

"प्लीज... हसवू नका," ती कशीबशी म्हणाली.

"बरं. मग गंभीर बोलू? मी दीपेश, जयगडचा. बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर असतो. आईच्या पित्ताशयात खडे झालेत."

पलीकडे बसलेल्या गंगाबाई करवादल्या, "मेल्या, माझे खडे गावभर वाटतोस कशाला?"

आता मात्र मनस्वीला हसू आवरेना... आणि तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. दीपेशनं काही विचारलं नाही. फक्त खुर्चीवर विसरलेली तिची छत्री पुढे केली. छत्री देता देता त्याची नजर क्षणभर थांबली, आणि तिचीही.

मनस्वीची पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार. त्या दिवशी सोनोग्राफी पाहून डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं होतं, "तुझ्या शरीरात स्त्रीबीज दर महिन्याला पक्व होऊन बाहेर पडत नाही. म्हणजे मूल होणारच नाही असं मुळीच नाही. पाळी नियमित यायला औषध आत्ताच सुरू करू. वेळ आली की बीज तयार व्हायलाही गोळ्या देता येतात. पुष्कळजणींना गुण येतो. पण खात्री आज मी देणार नाही."

घरी सांगितल्यावर त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं मनस्वीच्या आईनं, शकूनं, ऐकलं. पूर्वी अशा बाईला कुणाच्या ओटीला बोलावत नसत, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं.

छत्रीवर दुकानाचं नाव वाचलेला दीपेश पुढे शर्ट उसवल्याचं निमित्त करून मालगुंडला मनस्वीच्या शिवणकामाच्या दुकानात येऊ लागला. शर्ट नवे, उसवण ताजी.

"ही शिवण ब्लेडनं कापलेय," ती म्हणायची.

"टगवर वारा फार असतो गो," तो म्हणायचा.

तो "अहो"वरून "गो"वर कधी आला, दोघांनाही कळलं नाही. घरच्यांना कळलं तेव्हा मात्र दोन्हीकडून होकार आला, आणि मनस्वीची झोप उडाली.

"त्याला सांगते मी," ती म्हणाली.

शकू कढईतला मासा उलटायचा थांबली. "खुळी काय तू? अक्षता पडू देत. मग सगळं निभतं."

दोनदा मनस्वीनं दीपेशसमोर तोंड उघडलं. दोनदा त्यानं काहीतरी गमतीचं काढलं... आणि तिला हसावं लागलं.

साखरपुड्याआधी जयगडच्या देवळात नारळ ठेवायचा ठरला. हरिश्चंद्र गुरवानं हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा महाराजा, आज ही दोन घरं तुझ्या पायाशी आली हायत, त्यांचा सांभाळ कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे एकसुरात म्हणाले.

"काय वाकडं असेल ते सरळ कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"वर्षाच्या आत ह्यांच्या घरात पाळणा हलू दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

मनस्वीचे ओठ हललेच नाहीत. देवासमोर कसं म्हणायचं? दीपेश तिच्याकडेच बघत होता.

"काका, थांबा," तो म्हणाला.

चालू गाऱ्हाणं आजवर कुणी थांबवलं नव्हतं. गंगाबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले.

"ही बोलली नाही," दीपेश हळूच म्हणाला. "मनू... काय झालं?"

शकूनं लेकीचा हात दाबला. मनस्वीनं तो सोडवला. ती बोलली.

"माझं बीज वेळेवर तयार होत नाही. औषध चालू आहे. मूल होईल... कदाचित नाही होणार. मी आधीच सांगायला हवं होतं."

खाली खाडीत कुणाच्या होडीचं इंजिन धडधडत होतं. दीपेश खाली मान घालून उभा राहिला. संपलं, मनस्वीला वाटलं.

मग त्यानं मान वर केली. "त्या दिवशी सेंटरात तुझा चेहरा यामुळं उतरला होता? आणि मी येडा, रोज तुला हसवत बसलो..." तो गुरवाकडे वळला. "काका, ती ओळ काढा. बाकीचं पुढं चालवा."

"अरे, देवापुढं घातलेली ओळ काढतात होय?" हरिश्चंद्र गडबडला. त्यानं गंगाबाईंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

गंगाबाई मनस्वीला निरखत राहिल्या. "औषध मध्येच सोडलंस तर मात्र माझ्याशी गाठ आहे," त्या म्हणाल्या. "आणि गो, याला पण तपासायला ने. सगळं बायकांच्याच माथी कशाला?" मग गुरवाला, "घाला हो पुढं. पोरं एकमेकांना धरून राहू देत, एवढं म्हणा."

या वेळी गंगाबाईंचा "व्हय महाराजा" सगळ्यांत मोठा होता. शकू पदरानं डोळे पुसत होती.

देवळाच्या पायऱ्या उतरताना दीपेश मनस्वीच्या जवळ सरकला. "सगळ्यांनी विचारलं, मीच विचारायचा राहिलो. माझ्याशी लग्न करशील?"

"व्हय..."

"महाराजा राहिलं की गो!"

"ते देवाला," ती म्हणाली. "तुला नुसतं व्हय पुरे."