एक मीटरची वायर

मावशी यायला अवघा दीड तास उरला असताना मी फ्लॅशचा पाय मोडला.

उजेड कुठून बरा पडेल हे बघायला स्टुलावर चढले होते. हात निसटला आणि ज्या प्लॅस्टिकच्या पायावर फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो, त्या पायाचे फरशीवर दोन तुकडे झाले. तुकडे रुमालात बांधले, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि धावत कोपऱ्यावरचं कॅमेरा-दुरुस्तीचं दुकान गाठलं. तिथे दारातच एका माणसावर आदळले. त्याच्या हातातला डबा उडाला आणि बारीक बारीक स्क्रू फुटपाथभर पसरले.

दोघंही गुडघ्यांवर बसून ते वेचू लागलो. त्याच्या कानावर पेन्सिल होती, आणि ती तिथे आहे हे तो बहुधा सकाळपासून विसरला होता.

"एवढी घाई?" तो म्हणाला.

दुकान त्याचंच होतं. नवा पाय बसवायला दोन दिवस लागतील म्हणाला. मग मात्र माझा बांध फुटला. अनोळखी माणसाला घरचं सगळं का सांगितलं, देव जाणे... पण सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी आजी आजारी पडली तेव्हा मावशी वेळेवर आली नाही. आई इतकी चिडली की तिने आजीच्या पलंगासमोरच्या फ्रेममधला तिघींचा फोटो काढला आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने मावशीला त्यातून कापून टाकलं. आजीच्या खांद्यावर मावशीची चार बोटं तेवढी उरली. ती बोटं अकरा वर्षं तिथेच आहेत, आणि बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत. आता आजीने हट्ट धरला होता — त्याच उभ्या फ्रेममध्ये दोन्ही मुलींसकट पूर्ण फोटो हवा. मावशी कबूल झाली, पण पंधरा मिनिटांसाठी. टॅक्सी खाली थांबवूनच येणार होती.

त्याने फ्लॅश उलटसुलट करून पाहिला.

"वायर लावून चालेल. एक मीटरची आहे. मात्र कोणीतरी फ्लॅश हातात धरून तुमच्या अगदी शेजारी उभं राहायला हवं."

"कोण राहणार?"

त्याने खांद्याला पिशवी लावली आणि दुकानाला कुलूप घातलं.

रस्ताभर तो मला शिकवत होता. उजेड माणसांच्या तोंडावर मारायचा नसतो, छताला सांगायचा, मग छत तो सगळ्यांना सारखा वाटतं. ही जुनी वायर कॅमेऱ्याला काही कळवत नाही, तेव्हा आकडे आपणच सांभाळायचे. शटरचा वेग दोनशेच्या वर न्यायचा नाही, काही झालं तरी. मी हो हो म्हणत होते... आणि बघत होते ती पेन्सिल.

खोलीत आजी खुर्चीवर बसली होती. आई आणि मावशी दोन बाजूंना, फाटकाच्या खांबांसारख्या. मावशीने पर्स खांद्यावरून काढलीच नव्हती. तो माझ्या उजव्या हाताला उभा राहिला, फ्लॅश छताकडे करून. वायर आमच्यामध्ये ताणलेली. तो जरा हलला की मला कॅमेऱ्यात कळायचं.

फ्रेम उभी, म्हणून मी कॅमेराही उभा धरला. आजीची मान थरथरत होती. फोटो हलेल, या भीतीने मी हळूच शटरचं चाक फिरवलं — तीनशेवीस.

लख्ख उजेड झाला. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. आजी होती, आई होती. मावशीच्या जागी वरपासून खालपर्यंत काळा पट्टा. पट्टी लावून कापल्यासारखा.

"बघू," मावशी म्हणाली.

मी कॅमेरा छातीशी धरला. तिने तो सरळ हातातून घेतला.

"आधी कात्री होती. आता मशीन आणलंत होय?"

मावशी दाराकडे वळली. आजीने डोळे मिटून घेतले.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी यांना नीट सांगायला हवं होतं."

त्याने सांगितलं होतं. नीट सांगितलं होतं. त्याला बळीचा बकरा करून मी उभी राहणार होते की काय?

"मावशी, एक मिनिट," मी म्हणाले. "कॅमेऱ्याच्या आत शटरचे दोन पडदे असतात. घाई केली की फ्लॅश उडतो तेव्हा एक पडदा अर्धा मिटलेला असतो. त्या बाजूला कोणीही असो, काळंच येणार. तू आणि आई जागा बदला. मी चूक तशीच ठेवते."

आई जागेवरून हलेना. आजीने डोळे न उघडता तिला कोपराने ढोसलं, तेव्हा हलली.

"तीनशेवीसच ठेवा," तो माझ्या कानाशी पुटपुटला.

पुन्हा उजेड. या वेळी मावशी होती, आजी होती, आणि आई नव्हती.

आईने कॅमेरा घेतला. स्वतःच्या जागेवरच्या त्या काळ्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"असं झालं असेल ना गं तुला," ती म्हणाली.

अकरा वर्षांनी. मावशीने पर्स खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली. मग जागेवर जाऊन उभी राहिली आणि समोर बघतच आईला विचारलं, "तो मुलगा कोण गं?"

"मीही आत्ताच बघतेय," आई म्हणाली.

"तुमचं नंतर होऊ द्या," आजी म्हणाली. "माझी मान किती वेळ धरू?"

दोनशे. उजेड. फ्लॅशचा क्षण इतका छोटा की आजीची थरथर त्यात मावलीच नाही. आणि तिच्या खांद्यांवर दोन हात होते, सगळ्या बोटांनिशी.

मावशीने टॅक्सी परत पाठवली. मी व्हरांड्यात वायर गुंडाळून त्याच्या पिशवीत ठेवायला गेले, तर तळाशी दुसऱ्या वायरचं वेटोळं. त्यावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी — पाच मीटर.

"ही बिघडलेली आहे?"

त्याचे कान लाल झाले. "...नाही."

"मग एक मीटरची का आणलीत?"

"पाच मीटरवर उभं राहायला मी दुकान बंद करून आलो असतो का?"

आतून दोन बहिणींची कुजबुज येत होती, आणि तिचा विषय कोण, हे सांगायला नको.

"पाय दोन दिवसांत बसवतो," तो म्हणाला.

"चार दिवस लावा." मी त्याच्या कानावरची पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. "मी रोज येऊन बघेन. घाई केली की अर्धं काळं येतं."