पिवळी नळी

बोरीवलीच्या माणसाला समुद्राचं वेड लागलं की समजावं, घरात कुणाची तरी धडगत नाही. उशाशी एवढं जंगल आहे, बिबटे येऊन-जाऊन असतात, पण यांना ते पुरत नाही. यांना समुद्राच्या तळाशी जायचं असतं! गंधालीचं तसंच झालं. लग्नाला दहा वर्षं होणार म्हणून तिने नवऱ्याला, यज्ञेशला, फर्मान सोडलं, "या वेळी तारकर्लीला नुसते मासे खाऊन परत यायचं नाही. स्कूबा शिकायचं. रीतसर. कार्ड मिळतं."

"तू शिक की. मी किनाऱ्यावर कपडे सांभाळतो," यज्ञेश म्हणाला.

"जोडीनेच करावं लागतं रे. एकट्याला घेत नाहीत."

खरं म्हणजे जोडीदार म्हणून कुणीही चालतं. पण हे ती बोलली नाही, आणि यज्ञेश बिचारा बायकोच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. पाण्याला मनातून टरकत होता, तरी गेला.

अर्धं शिक्षण इथे मुंबईत, पोहण्याच्या तलावात, आणि उरलेलं सुट्टीत, समुद्रात. तलाव अंधेरीतल्या एका जुन्या क्लबचा होता. वर पत्र्याचं छप्पर. उथळ बाजू निळी, खोल बाजू काळपट हिरवी. क्लोरीनचा वास यायचा, आणि त्या वासाखाली आणखी एक, बरेच दिवस झाकून ठेवलेल्या पिंपाचा येतो तसा. ऑफिस सुटलं की दोघं थेट तिथे जायची. शिकवणारा प्रीतम मालवणकडचा, काटक, बोलायला गोड, पण नियमांच्या बाबतीत अगदी हेडमास्तर.

"पाण्याखाली बोलता येत नाही," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. "गढूळ पाण्यात खुणाही दिसत नाहीत. म्हणून जोडीदाराचा हात धरायचा. एकदा दाबला तर 'ठीक ना?' दोनदा दाबला तर 'वर चल'."

मग त्याने पाठीवरच्या हवेच्या टाकीला जोडलेली एक पिवळी नळी पुढे केली. तिच्या टोकाला तोंडात धरायचा रबरी तुकडा होता. "ही तुमच्यासाठी नाही, दुसऱ्यासाठी आहे. खाली कुणाची हवा संपली आणि त्याने मागितली, की ही द्यायची. कोण, कुठला, विचारत बसायचं नाही. आणि एकदा दिली, की तो स्वतःच्या श्वासावर येईपर्यंत त्याचा हात सोडायचा नाही. मध्येच सोडलात तर त्याला तुम्हीच बुडवलंत म्हणून समजा."

"बापरे! लग्नातसुद्धा एवढं वदवून घेत नाहीत," यज्ञेश म्हणाला, आणि तिघंही हसली.

झालं ते मास्क काढायच्या धड्याच्या दिवशी. खोल बाजूला तळाशी गुडघे टेकून बसायचं, डोळे मिटायचे, चेहऱ्यावरचा मास्क काढायचा आणि नुसत्या तोंडाने श्वास घेत राहायचं. गंधालीला बाकी कशाची भीती नव्हती, याची होती. समोर यज्ञेश तिचा डावा हात धरून बसला. बाजूला प्रीतम. तिने मास्क काढला. गार पाणी नाकाडोळ्यांवर आलं. आपल्याच बुडबुड्यांचा आवाज तेवढा कानात.

थोड्या वेळाने यज्ञेशचा हात सुटला. तिला वाटलं, हा पण धड्याचाच भाग असेल. मग हात परत आला.

पण तो लहान होता. गार होता. बोटांची टोकं सुरकुतलेली, दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तशी. तिने एकदा दाबून पाहिलं. उत्तर आलं नाही. मग काहीतरी तिच्या छातीवर चाचपडलं आणि पिवळ्या नळीला हिसका बसला. पुढचा धडा सुरू केला वाटतं प्रीतमने, असं म्हणून तिने नळी सोडवून दिली. शहाण्या मुलीसारखी!

तिच्या कानाशी दुसऱ्याच कुणाचे तरी बुडबुडे सुरू झाले. घाईघाईचे, हपापलेले. पाटावर बसायच्या आधीच जेवायला लागलेल्या उपाशी माणसासारखे. आणि मग हात दाबला गेला. दोनदा.

वर जायचं तर आधी मास्क चढवायला हवा, आणि त्याला दोन्ही हात लागतात. तिने डावा हात ओढला. तो सुटेना. परत दोनदा दाबलं गेलं. आता मात्र ती घाबरली. तिने हिसका मारून हात सोडवला, मास्क चढवला, नाकाने फुंकून आतलं पाणी काढलं आणि डोळे उघडले.

समोर कुणी नव्हतं. पिवळी नळी तेवढी ताठ ताणलेली होती आणि तिच्यातून बुडबुडे निघत होते. तिच्या डोळ्यांदेखत ते थांबले.

वर आली तर यज्ञेश काठावर पाय लांब करून बसलेला आणि प्रीतम त्याची पोटरी चोळतोय. "गोळा आला गं," यज्ञेश कळवळून म्हणाला. प्रीतमचा चेहरा पांढरा पडला होता. शिकाऊ माणसाला तळाशी एकटं सोडायचं नसतं, आणि त्याने सोडलं होतं. "मॅडम, एका मिनिटाचा प्रश्न होता... कुणाला बोलू नका." मग त्याने तिच्या टाकीचा हवेचा काटा निरखून बघितला. "एवढी हवा कशी संपली? दोन माणसांची संपलीय."

घरी जाताना रिक्षात तिने यज्ञेशला सगळं सांगितलं. तो हसला नाही. "सोडून देऊ या गंधाली. खड्ड्यात गेलं कार्ड. तारकर्लीला मासे खाऊ."

तिने ऐकलं असतं तर! पण हट्टाला पेटलेली बाई ती. "भास झाला असेल रे. मास्क काढला की होतं म्हणे असं," ती म्हणाली. नवऱ्यापेक्षा स्वतःचीच समजूत घातली म्हणा ना.

तारकर्लीला समुद्र शांत होता, पण खाली पाणी गढूळ, ताकासारखं. प्रीतम पुढे, मागे ही दोघं हातात हात घालून. दोन मजले खोल गेली असतील. यज्ञेश भीतीने भराभरा श्वास घेत होता आणि काटा बघायला विसरला होता. एकदम त्याने तिला ओढलं. डोळे विस्फारलेले, आडवा हात गळ्यावरून फिरतोय... हवा संपली.

तिने पिवळ्या नळीला हात घातला. नळी येईना. ती तिच्या डाव्या खांद्यामागे ताठ ताणलेली होती, आणि मागून बुडबुडे येत होते. घाईघाईचे.

मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही. नवरा समोर गुदमरत होता. तिने सरळ स्वतःच्या तोंडातला तुकडा काढून त्याच्या तोंडात कोंबला. एक श्वास त्याचा, एक तिचा, एक त्याचा... अशी दोघं वर निघाली. तिच्या उजव्या हातात यज्ञेशचा दंड होता. आणि डावा हात कुणीतरी धरला होता.

या वेळी तिने तो सोडवला नाही. खरं तर सोडवायला जीवच उरला नव्हता. पाण्याबाहेर डोकं आलं, यज्ञेशने उन्हात मोठ्ठा श्वास घेतला, तेव्हा ती ढसाढसा रडली. मागोमाग वर आलेल्या प्रीतमने तिला होडीत ओढलं, पिवळी नळी हातात घेतली आणि रबरी तुकडा उन्हाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिला. त्यावर दातांचे ठसे होते. बारीक बारीक, दुधाच्या दातांसारखे. त्याने तो तुकडा कापून समुद्रात टाकला.

बाकीचे धडे पुरे न करताच दोघं परत आली. कार्ड काही मिळालं नाही, पण नवरा जिवंत परत मिळाला, आणखी काय हवं? गंधाली असंच म्हणायची. पण तिला दम लागू लागला. भाजी चिरताना, फोनवर बोलताना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, फुप्फुसं झकास म्हणाले. डावा हात सदा गार. आणि कधीही, ऑफिसात, जेवताना, तळव्यात दाब यायचा. दोनदा.

"तो वर आलाय ना रे आपल्याबरोबर?" ती यज्ञेशला विचारायची. "मग आता काय पाहिजे त्याला?" प्रीतमचा नियम दोघांनाही पाठ होता. स्वतःच्या श्वासावर येईपर्यंत. आणि ज्याला स्वतःचा श्वासच उरला नाही, त्याने कधी यायचं?

एका संध्याकाळी ती म्हणाली, "गच्चीवर जाऊ या. आणखी वर जाऊन बघते एकदा." लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. शेवटचा जिना चढताना ती धापा टाकायला लागली, तेव्हा यज्ञेशने तिचा तो गार हात धरला आणि तिला हळूहळू वर नेलं.

गच्चीवर वारा होता. जंगलाच्या बाजूने पाखरांचा कलकलाट चालला होता. गंधालीने हात सोडवून घेतला आणि कठड्याशी जाऊन उभी राहिली. एक श्वास घेतला. छाती भरली. आणखी एक. अगं बाई, किती दिवसांनी! डावा हात ऊबदार झाला होता. आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"यज्ञेश, गेलं रे! सुटले मी!"

तिने मागे वळून पाहिलं. तो थोडा लांब, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा होता, आणि त्याला दम लागला होता.

"गंधाली... पुरे ना," तो म्हणाला. "किती वेळा हात दाबशील? आलो ना वर... आता आणखी कुठे वर जायचं?"

तिने खाली पाहिलं. तिचे दोन्ही हात कठड्यावर होते.